एकच कण कॅन्सर दाखवतो आणि जाळतोही: यातलं खरं किती?

कृष्णाकाठ

आईला स्तनाचा कॅन्सर आहे. दर २१ दिवसांनी सांगलीहून केमोला नेतो. दोन सायकल झाल्या, तिसरी सोमवारी. सध्या लाल औषध चालू आहे, डॉक्सोरुबिसिन. सिस्टर ते मोठ्या सिरिंजमधून सावकाश सोडतात आणि आई तोंडात बर्फाचा खडा धरून छताकडे बघत राहते. नंतर दिवसभर लघवीला लाल होते. पहिल्या वेळी तिने घाबरून मला रात्री उठवलं होतं.

गेल्या आठवड्यात मामाने एक व्हिडिओ पाठवला. 'सेंद्रिय नॅनोकण' शिरेतून देतात, ते गाठीत जाऊन बसतात, मग यंत्रात गाठ चमकताना दिसते, आणि त्याच कणांवर लेसर सोडला की गाठ जळून जाते. केस गळत नाहीत, उलट्या नाहीत. व्हिडिओत एक उंदीर होता, गाठ असलेला आणि मग गाठ नसलेला.

आईने तो चार वेळा पाहिला. काल जेवताना म्हणाली, "मग मी थोडं थांबू का रे? ते येईपर्यंत?" माझा घास घशातच अडकला.

इथे विज्ञानातले, औषधातले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. हे खरं आहे का? आणि एक गोष्ट मला कळली नाही. दाखवणं आणि मारणं एकाच कणाने कशाला करायचं? स्कॅन वेगळा, औषध वेगळं, असं आत्ता चाललंच आहे की.

तांबडं_फुटलं

थांबायचं नाही. पहिलं हे. बाकी सगळं नंतर वाचा. माझी आठ सायकल झाली, आता सहा वर्षं झाली. काकूंना सांगा, लघवीचा लाल रंग औषधाचा असतो, रक्ताचा नसतो. मलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं.

हिमगौरी

दादा, मीही तेच आधी लिहिते: सोमवार चुकवू नका. व्हिडिओतलं औषध कॅन्सरवरचा नेहमीचा उपचार म्हणून आज कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं मी फार आवडीने लिहिणार आहे आणि त्या भरात हे मागे पडायला नको.

मी टोरांटोत असते, पॉर्फिरिन या रेणूंवर पीएचडी केली. रक्त लाल का आणि पान हिरवं का, दोन्हीचं उत्तर या एकाच घराण्यात आहे. चौकटीसारखा सपाट रेणू, मधे एक जागा. तिथे लोह बसलं की रक्तातलं हीम, आणि त्याच्या जवळच्या भावंडात मॅग्नेशियम बसलं की हरितद्रव्य. हे रेणू प्रकाश गिळण्यात पटाईत असतात.

२०११ साली इथेच गँग झेंग आणि जोनाथन लव्हेल यांच्या गटाने असा एक रेणू मेदाच्या (लिपिडच्या) रेणूला जोडला. आपल्या पेशींचं आवरण ज्या फॉस्फोलिपिडचं असतं, त्याच जातीचा. पाण्यात टाकल्यावर या जोड्या आपोआप एकत्र येऊन पोकळ गोळे बनले, सुमारे १०० नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीच्या जवळजवळ हजाराव्या भागाइतके. त्यांना त्यांनी पॉर्फिसोम नाव दिलं. एका गोळ्यात सुमारे ८०,००० पॉर्फिरिन.

गंमत या दाटीत आहे. सुटा पॉर्फिरिन प्रकाश घेतो आणि लाल प्रकाश परत टाकतो, म्हणजे चमकतो. पण ८०,००० जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले की चमकायला वावच उरत नाही, घेतलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून अख्खा कण तापतो, आणि गाठीत जाऊन फुटला की तोच चमकायला लागतो. माझ्या टेबलावर असल्या द्रावणाची कुपी असायची, काळपट हिरवी, दिव्याखाली धरली तरी मुकी. त्यात डिटर्जंटचा एक थेंब टाकला की कण फुटायचे आणि अतिनील दिव्याखाली कुपी लाल उजळायची. शेकडो वेळा केलं असेल, दर वेळी थांबून बघायचे.

उंदरांवरच्या प्रयोगात लेसर दिल्यावर एका मिनिटात गाठीचं तापमान ६० अंश सेल्सियसपर्यंत गेलं. ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं त्यांची गाठ ४० च्या आसपास राहिली. तुमच्या मामांच्या व्हिडिओतला उंदीर या किंवा अशाच एखाद्या प्रयोगातला असणार. म्हणजे व्हिडिओ खोटा नाही. तो उंदराचा आहे, इतकंच.

मीठभाकर

ताई, फार सुंदर लिहिलंत. एक शंका. सेंद्रिय म्हणजे यात रसायन नाही ना? आमच्याकडे सेंद्रिय गूळ आणतात तसं?

हिमगौरी

नाही हो, हा घोळ शब्दाने केलाय. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्याचं. डॉक्सोरुबिसिन पण सेंद्रिय, प्लॅस्टिक पण सेंद्रिय, आणि तुमचा साधा गूळही सेंद्रियच. या कणांना सेंद्रिय म्हणतात ते सोन्याच्या, लोहाच्या, सिलिकाच्या कणांपासून वेगळे ओळखायला. फरक मोठा आहे. सोन्याचा कण शरीराला पचवता येत नाही, तो यकृतात आणि प्लीहेत महिनोन्महिने पडून राहतो. पॉर्फिसोमचे तुकडे शरीरातली विकरं करू शकतात. मेदाचे, अल्ब्युमिन प्रथिनाचे, विरघळणाऱ्या पॉलिमरचे कण याच गटात येतात.

मीठभाकर

कळलं. म्हणजे 'रसायन नाही' असं कुणी छातीठोक सांगून विकायला आला तर त्याला गुळाची ढेप दाखवायची.

गोदातीर

पॉर्फिसोमचा पॉर्फिरिन स्पिरुलिनाच्या शेवाळातून काढतात असं वाचलं. आमच्या नात्यात एक जण स्पिरुलिनाच्या गोळ्या विकतात, कॅन्सरला चालतात म्हणून. त्याचा याच्याशी संबंध?

हिमगौरी

शेवाळातून काढतात हे खरं. हरितद्रव्यावर बरीच रासायनिक कारागिरी करून तो रेणू मिळतो, मग मेदाला जोडणं, मग कण, मग शिरेतून, मग लेसर. पोटात घेतलेल्या गोळीचा या कशाशीही संबंध नाही. केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता कोणतीच गोळी, काढा, चूर्ण घेऊ नये. त्या नातेवाइकांना कृपा करून थांबवा.

औषधवाला_नाना

तीस वर्षं मुंबईत औषध कंपनीत फॉर्म्युलेशनमध्ये काढली, आता निवृत्त. धाग्यात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. सेंद्रिय नॅनोकण उद्या येणार नाहीत, ते येऊन जमाना झाला. फक्त ते दाखवत नाहीत, नुसतं औषध वाहून नेतात.

कृष्णाकाठ, तुमच्या आईंचं जे लाल औषध आहे ना, तेच मेदाच्या गोळ्यात, म्हणजे लिपोसोममध्ये, भरून डॉक्सिल नावाने १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालं. जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांचं काम. गोळ्याच्या आत अमोनियम सल्फेट ठेवायचं, मग बाहेरचं औषध आपसूक आत ओढलं जातं आणि आत त्याचे स्फटिक होतात, सुटत नाहीत. वरून पीईजी या पॉलिमरचं आवरण, म्हणजे रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी लगेच गिळत नाहीत. २००५ मध्ये अल्ब्युमिनमध्ये बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध आलं, अब्रॅक्सेन.

आणि हे आपल्याकडचं: २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा झाला तेव्हा तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, सन फार्माचं लिपोडॉक्स आणायला तात्पुरती परवानगी दिली. मुंबईची कंपनी. आमच्या धंद्यातल्या लोकांना तेव्हा किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. लिपोसोम बनवणं म्हणजे गोळी दाबणं नव्हे. आकार जरा मोठा झाला, आवरण जरा कमी पडलं, की शरीरात वागणूक बदलते. एक बॅच गाळणीतून नीट उतरेना म्हणून आम्ही दोन रात्री कारखान्यात काढल्या होत्या. शेवटी ती अख्खी टाकून दिली. योग्यच केलं.

कृष्णाकाठ

नाना, मग आईला ते लिपोसोमवालं का देत नाहीत? पैशाचा प्रश्न असेल तर मी जमीन काढीन.

औषधवाला_नाना

जमिनीला हात लावू नका. ऐका. लिपोसोमचा मोठा फायदा हृदयाला. साध्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात, म्हणून तर आधी टूडी एको करून घेतात. लिपोसोममध्ये तो धोका कमी होतो, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात, ते काही जणांना फार छळतं. ते जास्त करून अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आणि पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरलं जातं. सुरुवातीच्या टप्प्यात, बरं करायच्या हेतूने देतात तिथे साधं डॉक्सोरुबिसिनच पक्कं तपासलेलं आहे. महाग म्हणजे भारी असं इथे नाही. तरी सोमवारी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा, रागावणार नाहीत.

रानवारा

मी मेडिकल फिजिक्समध्ये आहे, रेडिएशनच्या बाजूचा. हिमगौरी ताईंचं लेखन आवडलं, पण दुसरी बाजू कुणी मांडली नाही.

१९८६ मध्ये जपानच्या कुमामोतो विद्यापीठात मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपतात आणि साचतात. या एका कल्पनेवर पुढची तीस वर्षं उभी राहिली. मग २०१६ मध्ये टोरांटोच्याच वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचले किती? मध्यक, म्हणजे मधला आकडा, ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही. बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहा उचलतात. २०२० मध्ये त्याच गटाने उंदरांच्या गाठींत पाहिलं तर त्या फटीही फारशा नव्हत्या. सुमारे ९७ टक्के कण रक्तवाहिनीच्या पेशींमधून, त्या पेशींनीच आत नेल्यामुळे गाठीत गेले होते. म्हणजे पायाच बदलला.

दुसरं, प्रकाश. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट ठेवा. बोट लाल दिसतं, कारण लालच तेवढा पार येतो, बाकीचा रक्ताने गिळला. आता तळहात ठेवा. आता मांडी. कळेल. लालच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश थोडा जास्त आत जातो, तरी हिशेब फार तर काही सेंटिमीटरचा. उंदराच्या कातडीखालच्या गाठीला तो पुरतो. माणसाच्या यकृतातल्या गाठीपर्यंत लेसर न्यायचा तर सुईतून प्रकाशतंतू घालावा लागतो.

हिमगौरी

रानवारा, ०.७ टक्के बरोबर आहे आणि ते मांडलंत ते चांगलं केलं. पण ती टक्केवारी एकट्याने काही सांगत नाही. साध्या केमोचं किती औषध गाठीत जातं? तेही थोडंच, उरलेलं केसांच्या मुळांत, तोंडाच्या आतल्या कातडीत, हृदयात. प्रश्न गाठीत किती आणि नाजूक जागी किती, या प्रमाणाचा आहे.

आणि लेसरचा एक फायदा तुम्ही सोडलात. यकृतातल्या कणांवर आपण प्रकाश टाकतच नाही, तिथे ते नुसते पडून राहतात आणि हळूहळू मोडतात. मारणं कुठे व्हायचं ते प्रकाश ठरवतो. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवर सिलिका-सोन्याच्या कणांनी हेच करून पाहिलं, प्रकाशतंतू सुईतून घालून. तो कण सेंद्रिय नव्हता, पण माणसात हे करता येतं एवढं त्यातून दिसलं.

रानवारा

प्रमाणाचा मुद्दा मान्य. पण मग पसरलेल्या कॅन्सरचं काय? दहा ठिकाणी हाडांत गेलाय, दहा ठिकाणी सुया घालणार? आणि लोक मरतात ते पसरलेल्या कॅन्सरने.

हिमगौरी

तिथे लेसर चालणार नाही, अगदी मान्य.

सावली

मी यातली तज्ज्ञ नाही, पण हे वाचताना सारखी मावशी आठवतेय. तिला थायरॉइडचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीन दिलं. आधी थोडं देऊन फोटो काढला, मानेत दोन ठिपके दिसले. मग तेच आयोडीन मोठ्या प्रमाणात. डॉक्टर म्हणाले होते, "जे दिसलं तिथेच हे जाऊन मारणार."

तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. जेवण दाराशी ठेवून जायचे. रोज एक जण दारात यंत्र धरून आकडा वाचायचा आणि मावशी आतून ओरडून विचारायची, "आज किती?" जसा पावसाळ्यात धरणाचा आकडा विचारतात तसा. आकडा उतरला तेव्हा घरी सोडलं. त्याला अकरा वर्षं झाली, परवाच तिने माझ्यासाठी लिंबाचं लोणचं पाठवलं.

म्हणजे एकाच वस्तूने दाखवणं आणि मारणं हे आधीपासून होतंच ना?

रानवारा

सावली ताई, नेमकं बोललात. या सगळ्याचं मूळ तिथेच आहे. १९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या आजाराला किरणोत्सारी आयोडीन दिलं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६० च्या दशकापासून हे काम चालू आहे. आता प्रोस्टेटमध्येही तसंच. आधी पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर असणारं प्रथिन) शोधणारा पेट स्कॅन, आणि गाठी त्यात उजळल्या तर त्याच पत्त्यावर जाणारं किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७. अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. आज दाखवणं-मारणं एकत्र बघायचं असेल तर ते न्यूक्लिअर मेडिसिनच्या खोलीत बघायला मिळतं. ते रेणू आहेत, कण नाहीत.

गोदातीर

थोडं विषयांतर. पॉर्फिरिनची औषधं घेतल्यावर उन्हात जायचं नाही म्हणतात, ते का?

हिमगौरी

फोटोफ्रिन हे तसं जुनं औषध, १९९३ मध्ये कॅनडात मंजूर झालं. ते सुटं असतं, प्रकाश मिळाला की ऑक्सिजनचं आक्रमक रूप तयार करतं आणि पेशी मारतं. ते कातडीतही उरतं, म्हणून निदान ३० दिवस उन्हापासून जपावं लागतं. अख्ख्या पॉर्फिसोममध्ये रेणू दाटीत असल्यामुळे ही करणी दबलेली राहते. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी असतो तिथेही उष्णतेचं चालतं, तिला ऑक्सिजन लागत नाही.

कृष्णाकाठ

सगळं दोनदा वाचलं. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. मावशींच्या आयोडीनचं कळलं, तिथे वस्तू एकच आहे. पण मेदाच्या कणात मुद्दाम दोन कामं कोंबायची कशाला?

हिमगौरी

दादा, तुमचा प्रश्न धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि मी कुपीच्या नादात तो सोडून दिला, माफ करा.

कारण असं की कण कुणाच्या गाठीत जातो आणि कुणाच्या जात नाही हे बाहेरून कळत नाही. यावर माणसांतला एक अभ्यास आहे, उंदरांतला नव्हे. एमएम-३०२ नावाचा लिपोसोम होता. आत डॉक्सोरुबिसिन, म्हणजे काकूंचंच औषध, आणि वरून हर-टू (काही स्तनाच्या गाठींच्या पेशींवर जास्त असणारं प्रथिन) ओळखणारे प्रतिपिंडाचे तुकडे. त्यात किरणोत्सारी तांबं, कॉपर-६४, घातलं. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) १२.७ तास, म्हणजे कण गाठीपर्यंत पोचून पेट स्कॅनमध्ये दिसेपर्यंत टिकतं. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या १९ रुग्णांना दिलं आणि २०१७ मध्ये निकाल छापून आले. गाठींत साचलेलं प्रमाण ०.५२ पासून १८.५ पर्यंत, गाठीच्या दर किलोमागे, टोचलेल्या डोसच्या टक्क्यांत. जवळजवळ ३५ पट फरक! औषध तेच, यंत्र तेच. आणि ज्यांच्या गाठींत जास्त साचलं त्यांना उपचाराचा फायदाही जास्त दिसला.

३५ पट. म्हणजे एकीच्या गाठीत औषध भरपूर उतरलं आणि दुसरीच्या गाठीत नावापुरतं, आणि दोघींनी दुष्परिणाम मात्र सारखेच सोसले असतील. हे पहिल्या डोसलाच दिसलं तर दुसरीला वेळ न घालवता वेगळं औषध देता येईल. वेगळा स्कॅन हे सांगू शकत नाही. तो गाठ कुठे आहे ते सांगतो, हा कण तिच्यात शिरतो का ते सांगत नाही. ते सांगायला तोच कण दिसायला हवा.

रानवारा

हे मी मनापासून मानतो. पण पुढचंही सांगायला हवं. त्याच एमएम-३०२ ची मोठी चाचणी २०१६ च्या शेवटी थांबवली. नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरेना.

हिमगौरी

हो. आणि त्या चाचणीत रुग्ण हर-टू बघून घेतले होते, कण गाठीत साचतो का ते बघून निवडले नव्हते. सगळ्यांना सरसकट. माझं मत विचाराल तर या क्षेत्रातली मोठी चूक हीच. दाखवण्याची सोय हातात असताना ती बाजूला ठेवली. ल्युटेशियमवाल्यांनी आधी स्कॅन, मगच उपचार, असं केलं. आम्ही नवा कण, आणखी नवा कण करत बसलो.

रानवारा

यावर आपलं एकमत. लेसरचा व्हिडिओ दिसायला छान असतो म्हणून तोच फिरतो. हा ३५ पटीचा आकडा कुणी फॉरवर्ड करत नाही.

तांबडं_फुटलं

मला यातलं निम्मं कळलं, पण ३५ पट कळलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायच्या, औषध तेच, सायकल तेवढ्याच. माझी गाठ विरघळत गेली, त्यांची तसूभर हलली नाही. आम्ही दोघी एकाच दिवशी डबा वाटून खायचो. त्या गेल्या. मी इतकी वर्षं स्वतःला विचारत होते की मी काय वेगळं केलं. कारण काय होतं कुणास ठाऊक, पण असंही काही असू शकतं हे आज पहिल्यांदा वाचलं.

सावली

ताई, तुम्ही काही वेगळं केलं नव्हतं, त्यांनीही काही कमी केलं नव्हतं.

औषधवाला_नाना

कृष्णाकाठ, सोमवारचं काय ठरलं?

कृष्णाकाठ

आईला काल रात्री सगळा धागा वाचून दाखवला. कुपी उजळते तिथे मला थांबवून परत वाचायला लावलं. हृदयाचं वाचताना म्हणाली, "म्हणून तो एको होता होय, मला वाटलं माझ्या हृदयातच काहीतरी आहे आणि तुम्ही लपवताय." दीड महिना ती हे मनात घेऊन बसली होती आणि आम्हाला पत्ता नाही.

थांबायचं आता काढत नाही. सोमवारी पहाटेच्या गाडीने निघतोय. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिने स्वतः वहीत लिहिलेत. पहिला एकोच्या आकड्याचा, दुसरा लिपोसोमचा. तिसरा मला लिहू दिला नाही, तिनेच लिहिला: "माझ्या गाठीत औषध शिरतंय का, हे कशावरून कळतं?"

रानवारा

काकूंना सांगा, तिसऱ्या प्रश्नाचं आजचं उत्तर आहे. काही सायकलनंतर हाताने आणि सोनोग्राफीने गाठ मोजतात, लहान झाली का ते बघतात. मागचं माप कागदावर आहे का ते सोमवारी विचारून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघता येईल.

कृष्णाकाठ

फाइलमध्ये सापडलं. वहीत उतरवून घेतलं.